उतारावरची घरे: संख्या शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: सहा हेक्टरची उताराची जागा आहे. मधून ओढा वाहतो, वरच्या अंगाला दाट झाडी आहे, खाली आधीपासून वस्ती आहे. इथे ४० घरे बसवायची आहेत. डोंगराला कमीत कमी धक्का लावून आराखडा कसा करावा आणि अशा कामात नेमके काय बिघडते?

सुरुवात ४० या आकड्यापासून करू नका. आकडा आधी ठरला की पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्या सोयीने व्हायला लागतो. ओढ्यापासूनचे अंतर थोडे घटते, भराव हातभर वाढतो, रस्त्याचा चढ जरा तीव्र होतो. सपाट जमिनीवर अशा तडजोडी खपून जातात. उतारावर मात्र प्रत्येक तडजोडीचा भार खालच्या माणसावर पडतो. वरच्या घराचे पाणी खालच्या घराच्या भिंतीमागे साचते, वरचा भराव सुटला तर तो खालच्याच्या अंगणात येतो. म्हणून वापरता येण्यासारखी जमीन किती आणि कुठे आहे, ते आधी काढायचे. त्यात बसतील तितकी घरे.

पहिले काम मोजणीचे. कंटूर (समान उंचीच्या रेषांचा) नकाशा अर्ध्या मीटरच्या अंतराने, १:५०० प्रमाणात करून घ्या. एक मीटरच्या कंटूरमध्ये जुन्या घसरणीचे उंचवटे आणि उथळ घळी हरवून जातात. मोजणी हद्दीपाशी थांबवू नका. वर पाणलोटाच्या माथ्यापर्यंत आणि खाली वस्तीच्या पहिल्या घरांपलीकडे न्या. हद्दीबाहेर ती विरळ असली तरी चालेल. या नकाशावरून उताराचे पट्टे रंगवा: १५ टक्क्यांपर्यंत, १५ ते २५, २५ ते ३० आणि त्यापुढे. टक्के आणि अंश यांची गल्लत इथे नेहमी होते, आणि ती महागात पडते. ३० टक्के उतार म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात तीस मीटर चढ, साधारण १७ अंश. ३० अंश म्हणजे जवळजवळ ५८ टक्के. एकाच बैठकीत आर्किटेक्ट टक्क्यांत आणि भूतंत्र अभियंता (माती-कातळाचा तज्ज्ञ) अंशांत बोलत असेल, तर दोघांच्याही डोळ्यांसमोर वेगवेगळा डोंगर असतो. प्रत्येक नकाशावर एकक ठसठशीत लिहा.

नकाशा हातात घेऊन जागा दोनदा चाला, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा भर पावसात. बुंध्याशी वाकून पुढे सरळ वर गेलेली झाडे दिसली, तर माती सावकाश खाली सरकते आहे असे समजा. दगडी बांधाला फुगवटा, कललेले खांब, उतारावर आडवी गेलेली अर्धचंद्राकृती भेग, मधेच लागणारा हिरवागार ओलसर पट्टा, पाणथळ गवत, बशीसारखी खोलगट जागा आणि तिच्या खाली सुटलेली ढिसाळ ढिगाऱ्याची जीभ, या सगळ्याची जागा नकाशावर नोंदवा. शेवटच्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर ती जुनी दरड आहे असे धरूनच पुढे जा. अशी दरड शांत दिसते, पण तिच्या तळाशी घसरण्याची वाट आधीच तयार असते. पायथ्याशी थोडे खोदले किंवा माथ्यावर थोडा भार टाकला की ती पुन्हा चालू लागते.

जमिनीखालच्या तपासणीत काटकसर करू नये. उताराच्या दिशेने एका सरळ रेषेत किमान तीन बोअर घ्या: माथ्याजवळ, मध्यावर, पायथ्याशी. तीन असल्याशिवाय जमिनीचा उभा छेद काढता येत नाही. अशी एकच रेषा सहा हेक्टरला पुरणार नाही. जमिनीचा पोत जिथे बदलतो तिथे दुसरी लागेल. बोअर घट्ट कातळात किमान तीन मीटर जाईपर्यंत थांबवू नका, कारण उतारावरच्या मातीत मोठमोठे गोटे पुरलेले असतात आणि गोट्यालाच कातळ समजून काम थांबवले जाते. मधल्या जागांसाठी तीन मीटर खोलीचे चाचणी खड्डे पुरतात. खड्ड्यात भिंती नीट बघा. कातळाचे थर कोणत्या बाजूला कलले आहेत, हे फार महत्त्वाचे. थर उताराच्याच दिशेने, पण उतारापेक्षा थोडे सपाट कललेले असतील, तर खोदकामाने त्यांचा खालचा आधार उघडा पडतो आणि वरचा थर अख्खा निसटतो. डोंगराच्या आतल्या बाजूला कललेले थर त्या मानाने सुरक्षित.

निदान दोन बोअरमध्ये पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी) बसवून पूर्ण पावसाळाभर पाण्याची पातळी मोजा. सगळ्यात जास्त टाळाटाळ याच कामात होते, कारण त्यासाठी एक अख्खा ऋतू थांबावे लागते. उन्हाळ्यातल्या पातळीवर केलेले स्थैर्याचे गणित उन्हाळ्यापुरतेच खरे असते. कायमच्या उतारासाठी सुरक्षा गुणांक, म्हणजे धरून ठेवणारा जोर भागिले घसरवणारा जोर, १.५ धरतात. पाणी चढले की तोच उतार १.१ वर येऊ शकतो, आणि १ च्या खाली घसरण. गणित मागताना सर्वांत वाईट पाणीपातळीचे मागा, आणि बांधकामानंतरच्या उताराचे मागा. मोकळ्या डोंगराचे गणित घरे बसल्यावर उपयोगाचे नाही.

यानंतर वजाबाकी. एका नकाशावर पुढच्या गोष्टी काळ्या करा: तीस टक्क्यांवरचा उतार, जुन्या दरडी आणि ती सुटली तर जिथवर पोचेल तो पट्टा, ओढ्याच्या दोन्ही काठांपासून ३० मीटर, झरे आणि त्यांच्या वरचा पाझराचा भाग, दाट झाडी आणि तिथून पाण्याकडे येणारी प्राण्यांची वाट. समजा तीस टक्क्यांवरचा उतार २.२ हेक्टर निघाला. अडीचशे मीटर ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा दीड हेक्टर होतो, त्यातला ०.४ आधीच मोजलेला. दरडीचा ०.५ आणि झाडीचा ०.६ धरला की ४.४ हेक्टर गेले. उरले १.६. त्यातला पाव हिस्सा रस्ता आणि गटारे घेतात. हातात राहते १.२ हेक्टर, म्हणजे ४० घरे म्हटली तर अंगण, पायऱ्या, भिंती सगळे धरून घरामागे ३०० चौरस मीटर. सुटे बंगले यात सुरक्षितपणे बसत नाहीत. जोडघरे किंवा रांगेतली घरे, दहा-बारांचे गट करून, बसू शकतात. आणि उरलेले सव्वाचार-साडेचार हेक्टर एकसंध मोकळे राहते. प्लॉट पाडून विकायचे असतील तर आकडा २० च्या खाली आणावा लागेल. हा निर्णय याच टप्प्यावर घ्या.

आता सपाटीकरण. उतारावर सर्वाधिक नुकसान यातच होते, आणि ते साध्या भूमितीने आधीच दिसते. उताराच्या दिशेने दहा मीटरचे सपाट जोते हवे आहे, अर्धे कापून आणि अर्धे भरून. उतार २५ टक्के असेल तर वरच्या कडेला १.२५ मीटर कापावे लागते आणि खालच्या कडेला तितकेच भरावे लागते. भरावाची बाजू १:२ (एक उभे, दोन आडवे) ठेवली, तर ती खालच्या जमिनीला पाच मीटर पुढे जाऊन मिळते. कापलेली बाजू १:१.५ ठेवली, तर ती वर तीन मीटरवर मिळते. दहा मीटरच्या जोत्यासाठी १८ मीटरचा पट्टा उखडला. हेच ४० टक्के उतारावर करा: भराव २० मीटर खाली जातो, कापणी साडेसात मीटर वर, एकूण साडेसदतीस मीटर. आणि ५० टक्के उतारावर १:२ चा भराव जमिनीला समांतर जातो, कधीच मिळत नाही. मग भिंत येते, ती उंच होत जाते, खर्च तिच्यात जातो. तीस टक्क्यांवरचा उतार आधीच काळा करायला सांगितला, त्याचे मुख्य कारण ही भूमिती.

म्हणून घर उताराप्रमाणे पायऱ्यांनी उतरवा. १५ टक्क्यांपर्यंत एक जोते चालते. १५ ते २५ टक्क्यांत घराचे दोन भाग करून मधे दीडएक मीटरचा, अर्ध्या मजल्याचा टप्पा द्या. घराची लांब बाजू कंटूरला समांतर ठेवा आणि उताराच्या दिशेची बाजू सहा ते आठ मीटरच्या आत. त्याहून तीव्र जागी खांबांवर घर उचलणे जमिनीसाठी सर्वांत सौम्य, पण त्यात एक धोका दडलेला असतो. वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालचे लांब होतात. खांबाचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. निम्म्या लांबीचा खांब आठपट ताठ. भूकंपात आडवा जोर जवळजवळ सगळा त्या आखूड खांबांवर येतो आणि ते आधी फुटतात. रचनाकाराने एकतर वरचे खांब जमिनीत खोल मोकळ्या चरात सोडून लांबी सारखी करावी, नाहीतर आडवा जोर घ्यायला वेगळ्या भिंती द्याव्यात. पाया उताराच्या कडेपासून किती आत, याला ढोबळ नियम आहे: उताराच्या माथ्यावर असाल तर त्या उताराच्या उंचीच्या एक तृतीयांश, पायथ्याशी असाल तर निम्मे. स्थानिक नियम किंवा भूतंत्र अहवाल याहून कडक असेल तर तोच पाळा.

भराव टाकायचाच असेल तर त्याखालची काळी माती (वरचा सुपीक थर), मुळे, झुडपे आधी पूर्ण काढा. उतारावर पायऱ्या कापा, पाझर दिसला तिथे दगडी चर घाला आणि मग २०० ते ३०० मिलिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर दाबा. कमाल प्रॉक्टर घनतेच्या (तीच माती प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने दाबून मिळणाऱ्या सर्वाधिक घनतेच्या) ९५ टक्के मिळालीच पाहिजे आणि ती प्रत्येक थराला तपासलीच पाहिजे. पोकलेनने कड्यावरून लोटलेली माती वरून टणक दिसते, आतून पोकळ असते. १९७६ साली हाँगकाँगच्या साउ माउ पिंगमध्ये पावसात असाच न दाबलेला भराव चिखल होऊन घरांवर आला आणि १८ माणसे गेली. देखरेखीने किती फरक पडतो हे लॉस एंजेलिसमध्ये दिसले. तिथे उतारावरच्या खोदकाम-भरावाचे नियम १९५२ साली आले आणि १९६३ साली कडक झाले. १९६९ च्या अतिवृष्टीनंतर पाहणी झाली तेव्हा १९५२ पूर्वी तयार केलेल्या जागांपैकी सुमारे दहा टक्के जागांचे नुकसान झाले होते, आणि १९६३ नंतरच्यांपैकी पाव टक्क्याहूनही कमी जागांचे. टेकड्या त्याच होत्या आणि पाऊसही तोच.

रस्ता घरांपेक्षा जास्त डोंगर खातो. गटारासकट साडेसहा मीटर रुंदीचा रस्ता तीस टक्के उतारावर पूर्ण कापून काढला, तर आतली कड जवळजवळ दोन मीटर खोल जाते. शंभर मीटर लांबीत सुमारे ९०० घनमीटर माती निघते, खोदल्यावर माती फुगते ते धरून अकराशेहून अधिक. म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या शंभरावर खेपा. ही माती कुठे जाणार हे कागदावर ठरलेले नसेल, तर ती रात्रीतून ओढ्यात जाते. म्हणून रस्ता कंटूरला धरून, शक्य तितका आखूड आणि माथ्याच्या किंवा पायथ्याच्या सौम्य पट्ट्यातून काढा. गाड्या एका ठिकाणी थांबवा आणि तिथून घरापर्यंत पायवाट आणि पायऱ्या द्या. सगळ्या घरांच्या दारापर्यंत गाडी नेण्याचा हट्ट सोडला, तर खोदकाम निम्म्यावर येऊ शकते. वृद्ध आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी काही घरे रस्त्याच्या पातळीवर राखून ठेवा. अग्निशमन गाडीसाठी चढ १:१० च्या आसपास ठेवा आणि शेवटी तिला वळायला जागा द्या.

पाण्याचा भाग सर्वांत मोठा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एका हेक्टरवर सेकंदाला २७८ लिटर पाणी येते. झाडीच्या उतारावरून त्यातले साधारण ३० टक्के, म्हणजे ८३ लिटर, वाहते. छपरे आणि रस्ते झाल्यावर हे प्रमाण ६० टक्के होते आणि वाहणारे पाणी दुप्पट, १६७ लिटर होते, शिवाय ते लवकर पोचते. खालच्या वस्तीला पुराचा त्रास होतो तो इथून. फरकाचे पाणी अर्धा तास अडवायचे म्हटले तर हेक्टरी दीडशे घनमीटर साठा लागतो. तो एका मोठ्या तळ्यात करू नका. छपराच्या पाण्याच्या टाक्या आणि रस्त्यालगतचे लहान, तळ पक्का असलेले कुंड यांत विभागा.

अडवा, पण कुठे जिरवायचे ते बघून. पाणी जिरवणे चांगले, ही समजूत सपाट आणि खडकाळ माळावर बरोबर आहे. घरांच्या वर, तीव्र उतारावर किंवा जुन्या दरडीत शोषखड्डे आणि जिरवण्याचे चर खोदणे म्हणजे घसरणीच्या थराला वंगण देणे. तिथे पाणी पक्क्या गटारातून खाली न्यायचे. कापलेल्या उताराच्या माथ्यामागे तीन ते पाच मीटरवर अडवणारे गटार काढा आणि त्याला अस्तर द्या. कच्चे गटार स्वतःच पाणी आत सोडते. तीव्र उतारावर गटार पायऱ्यांचे करा आणि तोंडाशी दगडांचा पसरट थर द्या, म्हणजे पाणी जमीन कोरत नाही. ओढा पाइपात घालू नका. मोठ्या पावसात फांद्या आणि गोटे पाइपच्या तोंडात अडकतात, पाणी रस्त्यावर चढते आणि रस्ताच ओढा होतो. ओढा ओलांडायचाच असेल तर एकाच जागी, मोकळ्या गाळ्याच्या पुलाने ओलांडा.

रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, कोसळते ती बहुतेकदा पाण्याने. तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडी वाळूमिश्रित माती असेल तर भिंतीवर दर मीटर लांबीला सुमारे २७ किलोन्यूटन जोर येतो. मागे पाणी भरले की मातीचा जोर घटून १४ होतो, पण पाण्याचा ४४ वाढतो. एकूण ५८, म्हणजे दुपटीहून जास्त. भिंतीमागे निदान ३०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर, मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड), तळाशी छिद्रांचा पाइप आणि भिंतीत दीड मीटरवर ७५ मिलिमीटरची वीप होल (पाणी बाहेर सोडणारी भोके), हे सगळे हवे. खडीऐवजी खोदलेली चिकणमातीच परत भरली तर वीप होल शोभेपुरती उरतात. वीप होलच्या खालचा डाग बघा. पावसात एकातूनही पाणी येत नसेल तर ती बुजलेली असण्याचीच शक्यता जास्त. एका उंच भिंतीऐवजी दीड मीटरच्या दोन भिंती घेतल्या तर त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवा, नाहीतर वरचीचा भार खालचीवर येतो.

सांडपाण्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ४० घरे, घरटी चार माणसे, माणशी १२५ लिटर धरा. दिवसाला २० घनमीटर, वर्षाला ७,३०० घनमीटर. हे शोषखड्ड्यांतून दोन हजार चौरस मीटरच्या पट्ट्यात सोडले, तर त्या पट्ट्यावर वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडल्यासारखे होते, तोही कोरड्या ऋतूतसुद्धा. झरे दूषित होतात आणि उतार कायम ओला राहतो. सांडपाणी बंद नळाने खाली नेऊन एका जागी शुद्ध करा. नळाचे जोड लवचिक ठेवा. जमीन सेंटीमीटरभर सरकली तरी ताठ जोड निखळतो आणि गळती कुणाला दिसत नाही.

झाडे आणि प्राणी यांची पाहणी दोन ऋतूंत करा, एका भेटीत अर्धी यादी सुटते. वाचवायच्या झाडाभोवती बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे कुंपण घाला. ४० सेंटीमीटर बुंध्याला ४.८ मीटर. या वर्तुळात खोदायचे नाही, भरायचे नाही, सिमेंट ठेवायचे नाही. बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटीमीटर मातीत असतात. ३० सेंटीमीटर भराव टाकला तरी ती गुदमरतात, पण झाड वाळायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. रात्रीचे दिवे खाली वळलेले आणि कमी उंचीचे, कुंपणे तळाशी मोकळी ठेवा. झाडीच्या वरच्या अंगाला घर असेल तर वणव्याचा विचार वेगळा करा: उतार दर १० अंशांनी वाढला की आग वर चढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. घर कड्याच्या टोकावर न ठेवता मागे घ्या आणि बाहेर पडायला दुसरी वाट द्या.

बांधकामाचा क्रम असा: आधी वरचे अडवणारे गटार आणि खालचा गाळ साठवण्याचा खड्डा, मग रस्ता, मग वरून खाली एकेक गट. पावसाळ्याआधी उघडी जमीन झाकलेली हवी. काथ्याची जाळी आणि गवताचे बी हे स्वस्त आणि पुरेसे. पुढचा गट उघडण्याआधी मागचा झाकलेला पाहिजे. काळी माती वेगळी काढून दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा, तीच शेवटी परत पसरायची.

घरे ताब्यात देताना रहिवाशांच्या संस्थेला गटारांचा नकाशा, वीप होलची जागा, पिझोमीटरची वही आणि सफाईचे वेळापत्रक द्या. कुणाच्या अंगणातून जाणारे गटार बुजवायचे नाही, कापलेल्या उताराच्या पायथ्याशी खोदायचे नाही, माथ्यावर पाण्याची टाकी किंवा भराव ठेवायचा नाही, या तीन अटी खरेदीखतातच लिहा. पहिली तीन वर्षे प्रत्येक मोठ्या पावसानंतर एकाने सगळ्या भिंती, भेगा आणि गटारांची तोंडे फिरून बघावीत आणि तारखेसकट नोंद ठेवावी.